नॉकआउट करूनही जिवाणू मजेत वाढतोय, मग ते जनुक बिनकामाचं का?

तुमचा प्रश्न असा, की ई. कोलायमधलं ताणाशी संबंधित म्हणून सांगितलेलं एक जनुक काढून टाकलं, तरी जिवाणू एलबी या समृद्ध खाद्यमाध्यमात मूळ स्ट्रेनइतकाच (म्हणजे जनुक शाबूत असलेल्या वाणाइतकाच) वाढला. मग त्या जनुकाचा उपयोग काय?

एलबीत वाढला यावरून फारसं काही कळत नाही. एलबी म्हणजे आयतं ताट. अमिनो आम्लं तयार मिळतात, मग ती घडवणारी यंत्रणा मोडली काय नि शाबूत राहिली काय! एकेक जनुक काढलेल्या जिवाणूंचा केयो संग्रह (2006) करणाऱ्यांनी ई. कोलायची 4288 जनुकं एकेक करून काढून पाहिली. त्यातली 3985 गेली तरी जिवाणू जगला, 303 मात्र काढताच आली नाहीत. म्हणजे बहुतेक जनुकं एकेकटी काढली, तर समृद्ध माध्यमात जिवाणू निभावून नेतो.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचं, म्हणजे सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप निकामी करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं). पेशीच्या आत हे विकर दोन प्रकारचं असतं, सॉड-ए मँगनीजवालं आणि सॉड-बी लोहवालं. एक काढलं तर दुसरं बरंचसं सांभाळून घेतं. दोन्ही काढली, तरी हवेत एलबीवर जिवाणू वाढतो, जरा रडतखडत. पण त्याला नुसतं ग्लुकोज आणि क्षार असलेल्या माध्यमावर हवेत ठेवा, वाढ ठप्प. त्याच माध्यमात अमिनो आम्लं घाला, वाढतो. अमिनो आम्लं न घालता फक्त ऑक्सिजन काढून घ्या, तरीही वाढतो! थांबून विचार केला तर यात सगळी गोष्ट आहे. सुपरऑक्साइड पेशीची सरसकट नासधूस करत नाही, ते ठरावीक विकरांतल्या लोह-गंधक गुच्छांवर घाव घालतं. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर त्यातलंच. म्हणजे ताणाचं जनुक काढलं आणि बिघाड दिसला तो चयापचयात. हे दोन विषय पुस्तकात वेगळ्या प्रकरणांत असतात, पेशीत नसतात.

तेव्हा तुमचा म्युटंट (जनुक काढलेला जिवाणू) आधी एम9 वर, म्हणजे नुसत्या क्षारांच्या साध्या माध्यमावर, लावा. कार्बनचा स्रोत बदलून बघा: ग्लुकोज, ग्लिसरॉल, अ‍ॅसिटेट. मग पेरॉक्साइड, आम्ल, उष्णता, उपासमार. नुसती रात्रभराची ओडी (वाढ मोजायचा गढूळपणाचा आकडा) बघू नका. लॅग, म्हणजे वाढ सुरू होण्याआधीचा थांबा, किती लांबला ते वाढीच्या आलेखातच दिसतं. तरीही काही दिसलं नाही, तर त्याच कामाचं दुसरं जनुक शोधून दुहेरी म्युटंट करा.

आता उलटी बाजू, कारण मी तिथेच तोंडघशी पडलो होतो. माझा एक म्युटंट पेरॉक्साइडला फार नाजूक निघाला. आनंदात दोन महिने त्याच्यावर घालवले. मग प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळावरून) ते जनुक परत दिलं, तर नाजूकपणा जसाच्या तसा. (ही कॉम्प्लिमेंटेशनची चाचणी पहिल्या आठवड्यात करायची असते, हे मला पाठ होतं. केली नव्हती, एवढंच.) पहिला संशय असतो ऑपेरॉनमधल्या, म्हणजे एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेतल्या, पुढच्या जनुकावर: मधलं काढताना त्याचंही वाचन बिघडतं. तसं नव्हतं. शेवटी रात्रभर वाढलेल्या वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. मूळ स्ट्रेनची वसाहत लगेच फसफसली, माझ्या म्युटंटवर चार-दोन सुस्त बुडबुडे. आरपीओ-एस हे दुसरंच जनुक गेलं होतं. उपासमारीच्या काळात ताणाच्या जनुकांचा कारभार बघणारा सिग्मा घटक (कुठली जनुकं वाचायची ते ठरवणारं प्रथिन) त्यापासून बनतो. तो नसला की कॅट-ई हे कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड फोडून बुडबुडे काढणारं विकर, नीट बनत नाही. प्रयोगशाळेतल्या जुन्या साठ्यांत आरपीओ-एसमध्ये असे बदल गुपचूप होतात, आणि आपण दोष देतो आपण काढलेल्या जनुकाला.

त्यामुळे लॅम्डा रेडने (जनुकाच्या जागी दुसरा डीएनए बसवण्याच्या पद्धतीने) जनुक उडवून झालं, की त्याच्या जागी बसवलेलं कॅनामायसिन-रोधाचं चिन्ह पी1 फाजने (जिवाणूंत डीएनए वाहून नेणाऱ्या विषाणूने) ताज्या मूळ स्ट्रेनमध्ये हलवून घ्या, निदान दोन स्वतंत्र वसाहती ठेवा, आणि पेरॉक्साइडचा तो थेंब मूळ स्ट्रेनवर आधी टाकून बघा.