बाहेरच्यानं आपल्याला का विचारावं?

प्रश्न (शहापूर, बेळगाव, निवृत्त शिक्षक) : वकीलकाका, माझी मुलगी पुण्यात शिकते, दिवाळीला आली होती तेव्हा आमचं दोघांचं जोरात वाजलं. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत बसून कुणीतरी भारताला मानवी हक्कांवरून सुनावलं अशी बातमी आली की माझं डोकं फिरतं. ज्यांनी आमच्यावर राज्य केलं तेच आता आम्हाला शिकवणार काय? मुलगी म्हणते बाबा तुमचं चुकतंय. तुम्ही सांगा.

उत्तर : गुरुजी, राग मला कळतो पण मी तुमच्या मुलीच्या बाजूचा. कारण सांगायला जिनिव्हाला जायची पण गरज नाही, १९४६ साल बघा. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं त्या वर्षी कायदा केला, तिथल्या भारतीयांनी जमीन कुठं घ्यायची, राहायचं कुठं, यावर बंधनं घातली. आपण तेव्हा स्वतंत्रसुद्धा झालो नव्हतो, तरी भारतानं त्यांच्याशी व्यापार तोडला आणि प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांत नेला. भारताच्या बाजूनं विजयालक्ष्मी पंडित तिथं उभ्या राहून बोलल्या, समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स होते. आणि दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं काय होतं माहिताय? हा आमचा अंतर्गत मामला आहे, तुम्ही कोण विचारणार. डिसेंबरात महासभेत मतदान झालं, ३२ विरुद्ध १५, ठराव भारताच्या बाजूनं. म्हणजे दुसऱ्या देशाला त्याच्याच हद्दीतल्या माणसांवरून जाब विचारायची वाट पाडली त्यात आपण सगळ्यात पुढं होतो गुरुजी, आणि आज तीच वाट आपल्या दारापर्यंत आली की आपल्याला नको वाटते.

अजून एक सांगतो, हे मुलीला पण सांगा. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, त्याच्या पहिल्या कलमात मसुद्यात सगळे ‘पुरुष’ समान असं वाचलं जाईल असे शब्द होते, ते बदलून सगळी ‘माणसं’ असं करायला लावलं ते तिथं भारताच्या प्रतिनिधी असलेल्या आपल्या हंसाबेन मेहतांनी. त्यामुळे हे सगळं गोऱ्यांनी लिहून आपल्या गळ्यात मारलं असं म्हणणं मला पटत नाही, त्या कागदावर आपलाही हात आहे.

आणि जिनिव्हात चालतं काय ते पण नीट बघा. तिथल्या मानवी हक्क परिषदेत ४७ देश असतात, आणि जगातल्या प्रत्येक देशाची तपासणीची पाळी साधारण साडेचार वर्षांनी येते, भारताची २००८, २०१२, २०१७ आणि नोव्हेंबर २०२२ ला आली. बाकीचे देश सूचना करतात, आपण काही स्वीकारतो काही नुसत्या नोंद करून ठेवतो. तिथं आपण पण दुसऱ्यांना सूचना करतो की! श्रीलंकेच्या युद्धातल्या गुन्ह्यांबद्दल जबाबदारी ठरवा म्हणणाऱ्या ठरावांना २०१२ आणि २०१३ ला भारतानं बाजूनं मत दिलं, तामिळनाडूतनं दबाव होता म्हणून म्हणा, पण दिलं. श्रीलंका तेव्हा तेच म्हणत होती जे तुम्ही आता म्हणताय.

आता आपल्या गावाकडं येतो. आपण सीमाभागातली मराठी माणसं, १९५६ ला कर्नाटकाच्या बाजूला टाकली गेल्यापासून काय करत आलो? १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहतो आणि दिल्लीला निवेदन पाठवतो. १९८६ ला कन्नडसक्तीच्या वेळी पाठवलं, जुलै २०१४ ला येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढताना लाठीमार झाला तेव्हा पण आपण सगळे हेच म्हणत होतो की वरनं कुणीतरी लक्ष घाला, मानवी हक्क आयोगानं येऊन बघावं. त्यावेळी आम्हाला कुणी म्हटलं असतं की हा राज्याचा विषय आहे तुम्ही बाहेरच्यांना का बोलावताय, तर आपल्याला किती लागलं असतं? ज्याच्या हातात काठी आहे त्यालाच न्याय करायला सांगितलं तर न्याय होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत नाही. मग बेंगळुरूला दिल्लीनं विचारावं असं म्हणायचं आणि दिल्लीला कुणीच विचारू नये म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. मणिपूरच्या माणसाला, काश्मीरच्या माणसाला, बस्तरच्या माणसाला पण तसंच लागत असणार जसं आपल्याला लागतं.

प्रश्न (टिळकवाडी, कॉलेज विद्यार्थी) : सर, सगळं खरं पण अमेरिकेला कोण विचारतं? आणि ठराव करून शेवटी होतं काय, कुणी पोलीस पाठवतं का?

उत्तर : अमेरिकेबद्दल तुझं बरोबर आहे. २०१८ ला ते परिषदेतून उठून गेले, मुलांच्या हक्कांच्या करारावर सही करून अजून मंजुरी दिलेली नाही, आणि ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगात वर्षानुवर्षं खटला न चालवता माणसं ठेवली. हा दुटप्पीपणा आहे आणि तो तसाच म्हणायचा, पण त्यामुळे आपल्या लॉकअपमधला मार खाल्लेला माणूस खोटा ठरत नाही.

पोलीस कुणी पाठवत नाही, खरंय. पण काहीच होत नाही असं नाही, एक उदाहरण देतो. डिसेंबर १९९५ ला पश्चिम बंगालात पुरुलियाला विमानातून हत्यारं टाकली होती, तू तेव्हा जन्मला पण नव्हतास. त्यातला मुख्य आरोपी किम डेव्ही डेन्मार्कला पोहोचला. भारतानं मागितला, आणि २०११ ला तिथल्या कोर्टानं दिला नाही, का तर भारतात त्याचा छळ होण्याची भीती आहे म्हणून. इतक्या गंभीर गुन्ह्यातला माणूस आपल्या हाती लागला नाही कारण आपल्या कोठडीचं नाव बाहेर खराब आहे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ ला सही केली, त्याला मंजुरी अजून नाही. २०१० ला लोकसभेत विधेयक पास झालं ते पुढं राज्यसभेत अडकून शेवटी बारगळलं, २०१७ ला विधी आयोगानं परत मसुदा करून दिला, तो पण पडून आहे. आणि त्याच २०१७ ला जिनिव्हात आपल्या अॅटर्नी जनरलनी सांगितलं की आपण गांधी आणि बुद्धाच्या देशातले, छळ ही कल्पनाच आपल्या संस्कृतीत बसत नाही. वाचून मला वाईट वाटलं, कारण मी बत्तीस वर्षं कोर्टात होतो आणि तळपाय सुजलेली माणसं या डोळ्यांनी बघितलीत.

प्रश्न (खानापूर तालुका) : काका, आमच्या गावच्या एका पोराला मोर्च्यानंतर स्टेशनला नेलं, दोन रात्री ठेवलं, कुठं नोंद नाही, मारलंय पण. घरची माणसं घाबरलीत, गप बसा म्हणूलालेत. मी संयुक्त राष्ट्रांना मेल टाकायचं ठरवलंय, पत्ता द्या.

उत्तर : पत्ता देतो बाळ, पण आधी मी विचारतो ते कर. त्या पोराला विचारलंस काय? त्याचं नाव, त्याचा फोटो, त्याच्या अंगावरचे वळ हे त्याचे आहेत, त्याची हो असल्याशिवाय मेल पण नाही आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. घरची माणसं घाबरलीत ती उगाच नाही, उद्या परत त्याच रस्त्यानं त्यांना जायचंय.

तो हो म्हणाला तर पहिलं काम दवाखाना. सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या जखमांची कायदेशीर वैद्यकीय नोंद, करून घ्या, डॉक्टरला कुणी मारलं, कधी मारलं ते सांगा आणि कागदावर ते लिहिलंय की नाही ते वाचूनच बाहेर या, कारण वळ आठ दिवसात जातात आणि मग सगळं तोंडी राहतं. दुसरं, तारखा आणि वेळा एका कागदावर. १९८६ च्या आंदोलनात मी नवीन वकील होतो, लोकांना कुठं कुठं नेलेलं घरच्यांना पत्ता नव्हता, त्यात एका आईनं दुधाचा हिशोब ठेवायच्या कॅलेंडरवर पोराला नेल्याची वेळ लिहून ठेवली होती, कोणत्या गाडीतून नेलं ते पण. बाकी सगळ्यांचं म्हणणं वेगवेगळं होत गेलं, त्या कॅलेंडरचं झालं नाही.

आता कायदा. अटक केली की २४ तासाच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हे घटनेच्या २२ व्या कलमातच आहे, त्यात फक्त प्रवासाचा वेळ धरत नाहीत. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेचा मेमो पाहिजे, त्यावर साक्षीदाराची सही पाहिजे, नातेवाईकाला कळवलं पाहिजे, दर ४८ तासाला वैद्यकीय तपासणी पाहिजे. डिसेंबर २०२० ला त्याच कोर्टानं प्रत्येक पोलीस स्टेशनला सीसीटीव्ही सक्तीचा केला, लॉकअप, वऱ्हांडा, येण्याजाण्याची दारं सगळीकडं, आणि रेकॉर्डिंग १८ महिने, अगदीच जमलं नाही तर एक वर्ष ठेवायला सांगितलं. म्हणून आजच लेखी अर्ज देऊन ठेव की अमुक तारखेचं फुटेज जपून ठेवा. कॅमेरा बंद होता म्हणून सांगतील, सांगू दे, तेच लेखी घे.

तक्रार एसपींना पोस्टानं, रजिस्टरनं. त्याबरोबर मानवी हक्क आयोग, राज्याचा नाहीतर दिल्लीचा, दोन्हीकडं एकदम पाठवू नको कारण राज्य आयोगानं हातात घेतलेलं प्रकरण दिल्लीचा आयोग घेत नाही. फी नाही, वकील लागत नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत गेलं पाहिजे. आयोगानं केलेली शिफारस सरकारवर सक्तीची नसते हे आधीच सांगून ठेवतो, पण आयोगानं रिपोर्ट मागवला की स्टेशनला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि आपल्याला ते लेखीच तर पाहिजे.

आणि संयुक्त राष्ट्रं. नागरी हक्कांच्या करारात भारत १९७९ पासून आहे, पण एकट्या माणसाची तक्रार घेणारा जो जोड-करार आहे त्यात आपण नाही, त्यामुळे ती समिती तुझी तक्रार ऐकूच शकत नाही. पण त्यांचे छळाविषयीचे विशेष प्रतिनिधी आहेत आणि बेकायदा स्थानबद्धतेवर काम करणारा एक गट आहे, ते कुठल्याही देशातनं आलेलं पत्र घेतात आणि त्या देशाच्या सरकारला विचारतात. त्यांची अर्जाची लिंक संपादकांकडून तुला मेलनं पाठवतो. मात्र ते पहिलं विचारणार की तारीख काय, डॉक्टरचा कागद कुठंय, तुमच्याकडच्या यंत्रणेला विचारलं काय, त्यामुळे वरचं केलं नसलं तर तुझ्या मेलला वजन राहणार नाही. पैशाची काळजी करू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, दलित, आदिवासी, महिला, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

प्रश्न (निपाणी भाग, विडी कामगार महिला) : दादा, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते, मला वाचता येत नाही, मराठीत अर्ज घेऊन गेले तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) घेईनात. हा पण मानवी हक्क काय?

उत्तर : हो ताई, हा पण. आत्ताच सांगितला त्या नागरी हक्कांच्या कराराचं २७ वं कलम वांशिक, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांबद्दल आहे. पण तुम्हाला तेवढं लांब जायला नको. आपल्याच घटनेचं ३५० वं कलम म्हणतं की आपलं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. म्हणजे मराठी आहे म्हणून तुमचा अर्ज परत करता येत नाही. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं ते मात्र त्या कलमात नाही, तिथं आपण अडकतो.

नोटिशीचं असं आहे की ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ टक्के किंवा जास्त लोक दुसऱ्या भाषेचे असतील तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत पण काढायच्या, हे सगळ्या राज्यांनी मान्य केलंय. मान्य केलंय, पण पाळलं नाही तर शिक्षा नाही. यावर लक्ष ठेवायला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत, १९५७ पासून, ते अहवाल लिहितात, तो संसदेत ठेवला जातो, पुढं सरकारच्या मनावर. जिनिव्हाचं जे दुखणं तेच इथलं, म्हणून मी वर एवढं लांबलचक लिहिलं. तरी अहवालात निपाणीचं नाव यायचं असेल तर निपाणीतनं कुणीतरी लिहिलं पाहिजे.

तुम्ही एकट्या जाऊ नका, गल्लीतल्या पाच-सहा बायका मिळून जा. अर्जाच्या दोन प्रती करा, वर ‘घटनेचे कलम ३५०’ एवढं ठळक लिहा, एक प्रत द्या आणि दुसरीवर शिक्का आणि तारीख मागा. घेतलाच नाही तर तोच अर्ज रजिस्टरनं पंचायतीला आणि त्याची प्रत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला आणि त्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना टाका, पावती जपून ठेवा. लिहायला अडचण असेल तर मला कच्चं लिहून पाठवा, पुढच्या ग्रामसभेच्या आत मी बघून परत देतो.