प्रश्न तुमचे : पगार झाला की आधी कुणाचे पैसे द्यायचे?

प्रश्न : ताई, मी नाशिकला अंबडमधल्या एका कंपनीत आहे, वय ४१, हातात ४६ हजार येतात. होमलोनचा हप्ता १४,५००, पर्सनल लोनचा ८,९००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ८५ हजार झालेत, महिना साडेतीन टक्के व्याज, मी फक्त मिनिमम भरतो तेच सव्वानऊ हजार होतं. पतसंस्थेचे दीड लाख घेतलेत, हप्ता ५,२००, तीन थकलेत, मेहुणा जामीनदार आहे. मध्ये भागेना म्हणून मोबाईलच्या ॲपवरून २८ हजार उचलले, ते लोक दिवसभर फोन करतात म्हणून पगार झाला की आधी त्यांना देतो. गेल्या महिन्यात होमलोनचा हप्तापण बाउन्स झाला. पतसंस्थेची दोन पाकिटं आलीत, ती न फोडता कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवलीत. घर दोघांच्या नावावर आहे पण बायकोला यातलं काही माहीत नाही. झोप लागत नाही. पोलीस पकडतील का? आणि एकजण म्हणतो सेटलमेंट करून टाक, करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, आधी पोलिसांचं सांगते. कर्ज फेडता आलं नाही एवढ्यावर कुणी उचलून नेत नाही, तो दिवाणी मामला आहे. पण दिलेला चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ लागतं आणि ते फौजदारी आहे, ऑटो डेबिट परत गेलं तरी तशीच तरतूद २००७ च्या पेमेंट सिस्टिम्सच्या कायद्यात आहे. बऱ्याच पतसंस्था कर्ज देतानाच सही केलेले चेक घेऊन ठेवतात, तुम्हीपण दिले असतील. तसा चेक परत गेला की नोटीस येते, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर केस उभी राहत नाही, आणि पाकीट फोडलं नाही म्हणून ते १५ दिवस थांबून राहत नाहीत हो! म्हणून उद्या कामावर गेलात की पहिलं काम ते लॉकर.

पाकिटं घरी आणा आणि बायकोसमोर फोडा. हे अवघड आहे मला कळतंय, पण होमलोनला तीपण सहकर्जदार असणार, म्हणजे हप्ता बाउन्स झाला तर तिचासुद्धा सिबिल खराब होतो आणि तिला पत्ताच नाही. शिवाय पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढू शकते, त्याला कोर्टात जावं लागत नाही, सहकार खात्याचे निबंधक देतात आणि तो जामीनदारावरही चालतो, म्हणजे उद्या नोटीस मेहुण्याच्या दारात जाणार आणि तुमच्या बायकोला सगळं तिच्या भावाकडून कळणार. तसं होऊ देऊ नका, तुम्हीच सांगा, आकड्यांसकट सांगा, अर्धवट नको.

आता खरा मुद्दा. तुम्ही जो जास्त ओरडतो त्याला आधी देताय, आणि इथेच सगळं उलटं झालंय. कुणाचे पैसे थकले तर आपलं काय जाणार हे बघून नंबर लावायचा असतो. पहिलं घर. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडे चाललेलं धरलं जातं, मग बँक तारण घर ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते, तुमचा एकच गेलाय म्हणजे अजून हातात वेळ आहे. त्यानंतर पतसंस्था, कारण तिथे जामीनदार म्हणून मेहुणा अडकलाय. पर्सनल लोन, कार्ड त्याच्यामागे, आणि ॲप सगळ्यात शेवटी, ते कितीही किंचाळू देत. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायची परवानगी नाही. ॲपच्या मागे कुठली बँक किंवा फायनान्स कंपनी आहे ते बघा आणि तिला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. मागे कुणीच दिसत नसेल किंवा फोटोंवरून धमक्या येत असतील तर सरळ १९३० ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन आणि पोलीस स्टेशन.

कार्डाचं गणित वाचून मला फार वाईट वाटलं. १ लाख ८५ हजारांवर महिन्याचं व्याज साधारण ६,४७५, वर १८ टक्के जीएसटी, झाले ७,६००च्या वर, म्हणजे तुमच्या सव्वानऊ हजारातले जेमतेम सोळाशे मुद्दलात जातात. कार्डं आजपासून बंद, आणि बँकेला लेखी विचारा की थकबाकीचे हप्ते पाडून द्या. वर्षाला १८ टक्क्यांनी तीन वर्षांचे मिळाले तर हप्ता ६,७००च्या आसपास बसतो आणि तो संपतो तरी. मग घराला साडेदहा-पावणेअकरा हजार उरतात, त्यात नाशिकमध्ये भागणं कठीणच आहे, खोटं कशाला सांगू, म्हणूनपण बायको सोबत हवी. थोडं सोनं तारण ठेवून ॲपचे पैसे एकदाचे मिटवायचे का हे तिच्याशिवाय कसं ठरवणार, सोनेतारणाचं व्याज कार्डापेक्षा बरंच कमी असतं.

सेटलमेंट, म्हणजे बँकेशी बोलून कमी रकमेत कर्ज मिटवणं, आत्ता नको. त्याला एकरकमी पैसे लागतात ते तुमच्याकडे नाहीत, आणि सिबिलमध्ये ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो जो बघून पुढे कर्ज देताना बँका मागे सरतात. सगळे हप्ते थांबव, आमची फी भर, आम्ही मिटवतो असं म्हणणारे एजंट असतात, तुमचा तो ‘एकजण’ त्यातला असेल तर त्याला लांब ठेवा.

झोपेचं तुम्ही दोन शब्दांत उरकलंत, पण जीव नकोसा होईल असे विचार येत असतील तर हे बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी १४४१६ ला फोन करा, टेलीमानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सोमवारी हाफ डे टाका, मेहुण्याला आदल्या दिवशी खरं सांगून सोबत घ्या आणि पतसंस्थेच्या मॅनेजरला भेटा. ‘थकलेले तीन हप्ते पुढच्या महिन्यांत वाटून द्या, दर महिन्याला इतके नक्की भरेन’ असा अर्ज द्या, झेपेल तोच आकडा लिहा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.