एवढं मोठं कुत्रं, पण भुंकतच नाही!

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आमच्या मळ्यावर राखणीला मुलानं बुलमॅस्टिफ आणलाय, आता दोन वर्षांचा झाला, वजन 55 किलो, पण कोण आलं गेलं तरी भुंकत नाही, नुसता उठून बघतो आणि परत दारात आडवा. सासरे म्हणतात हे कसलं राखण करणार, नुसतं खायला काळ. भित्रा आहे का हो?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर: ताई, भित्रा अजिबात नाही, गप राहणं त्याच्या रक्तातच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जमीनदारांच्या रानात रात्री चोरून शिकार करणारे घुसायचे, त्यांना धरायला तिथल्या राखणदारांनी मॅस्टिफ आणि बुलडॉगच्या संकरातून हे कुत्रं तयार केलं, साधारण 60 टक्के मॅस्टिफ, 40 टक्के बुलडॉग. भुंकलं की चोर सावध होऊन पळणार, म्हणून आवाज न करणारं पाहिजे होतं, आणि फाडून खाणारंही नको होतं कारण चोर जिवंत हातात यायला हवा. मग हा काय करायचा तर धावत जाऊन माणूस खाली पाडायचा आणि मालक येईपर्यंत तसाच दाबून धरायचा, खासबागेत पैलवान समोरच्याला खाली घेऊन दाबतो ना, तस्सं. अंधारात दिसू नये म्हणून तेव्हा गडद पट्ट्यांचीच कुत्री जास्त पसंत करायचे. 1924 ला तिथल्या केनेल क्लबनं वेगळी जात म्हणून मान्यता दिली.

तेव्हा सासऱ्यांना सांगा, उठून बघतोय म्हणजे काम चालू आहे. अनोळखी माणूस आला की तो तुमच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभा राहतो का एवढं बघा. भुंकावं म्हणून चिडवू नका, गड्यांना 'छू' करून अंगावर सोडायला तर मुळीच शिकवू देऊ नका, 55 किलो बिथरलं तर आवरणार कोण? ओरडलात तर हा रुसतो बरं का, तोंड फिरवून बसतो, आणि लाडात आला की सगळं वजन तुमच्या पायावर टाकून उभा. लाळ गाळणार, घोरणार, ते सहन करायचं. एकदा सासऱ्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला की त्यांची तक्रार मिटली समजा. भुंकणारा पाहिजेच असेल तर जोडीला एक गावठी ठेवा, गावठी आवाज देईल आणि हा उठेल.

तोंड आखूड असल्यानं ऊन सोसत नाही, एप्रिल-मे मध्ये दुपारी गार फरशी आणि भरपूर पाणी, फिरवणं पहाटेच. जेवण दोनदा विभागून द्या आणि जेवल्यावर लगेच पळवू नका, पोट फुगून जठर पिळण्याचा धोका असतो, त्यात काही तासांत जनावर जातं. आणि रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा, शिजलेली हाडं बंद! कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

प्रश्न: दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही, नात तीन वर्षांची. हीच जात घेऊ का?
— राजारामपुरी

उत्तर: नको. पोरांशी मायाळू असतो, पण स्वतःच्या वजनाचं भान नाही, नुसता वळला तरी नात पडेल. वाढत्या वयात रोजचे जिने सांध्यांना वाईट, आणि पुढं कंबर धरली तर उचलून खाली कोण नेणार? आयुष्यही साधारण 7 ते 9 वर्षंच. खाली अंगण असलेलं घर झालं की बघा, आणि तेव्हा पिल्लाच्या आई-बापाच्या कमरेचा एक्स-रे मागा, विकणारा टाळाटाळ करायला लागला तर पैसे न देता परत या.