वाचकांचे प्रश्न: कमी आवाजाचा प्रोसेसर कूलर कोणता घ्यावा?

प्रश्न: मी घरूनच ध्वनिपुस्तकांसाठी वाचन ध्वनिमुद्रित करते. माझ्या डेस्कटॉपमध्ये रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर असून त्याच्या खोक्यात आलेलाच कूलर बसवलेला आहे. एखादी फाइल उघडली तरी पंख्याचा आवाज एकदम चढतो, पुन्हा उतरतो आणि माइकमध्ये स्पष्ट येतो. उन्हाळ्यात तर हा त्रास फारच वाढतो. दुकानदार लिक्विड कूलर घ्यायला सांगतात. तीन हजार रुपयांच्या आत काही उपाय होईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: निश्चित होईल, आणि त्यासाठी लिक्विड कूलरची गरज नाही. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला आहे आणि मूळ सेटिंग बदललेले नसेल तर पूर्ण भार असतानाही तो ७६ वॅटच्या आसपासच वीज घेतो. एवढी उष्णता साधा टॉवर कूलर, म्हणजे पातळ पत्र्यांचा उभा थर आणि त्याच्या बाजूला पंखा असलेला कूलर, सहज बाहेर टाकतो. लिक्विड कूलरमध्ये पंख्यांच्या जोडीला द्रव फिरवणारा पंपही अखंड चालू असतो, म्हणजे जास्त पैसे मोजून तुम्ही माइकसमोर आणखी एक आवाज आणून ठेवाल.

खोक्यात मिळणारा रेथ स्टेल्थ हा कूलर जेमतेम ५४ मिलिमीटर उंच, संपूर्ण ॲल्युमिनियमचा आणि उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या नसलेला असतो. हवेला उष्णता देण्यासाठी त्याच्याकडे पुरेसा पृष्ठभागच नाही, त्यामुळे ती उणीव पंख्याला वेगाने फिरून भरून काढावी लागते. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. शांत संगणकाचे सगळे गणित या एका गोष्टीत आहे: पत्र्यांचा विस्तार मोठा घ्यावा आणि त्यावर मोठा पंखा सावकाश फिरू द्यावा.

म्हणून चार नळ्यांचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा सिंगल टॉवर कूलर घ्यावा. डीपकूलचा एके४०० किंवा थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० यांसारखे कूलर तुमच्या मर्यादेत बसतात. दोन पंख्यांचे, सहा नळ्यांचे कूलर अधिक उष्णता देणाऱ्या प्रोसेसरसाठी उपयुक्त आहेत. तुमच्यासाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो. खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यांवरून दोन कंपन्यांची तुलना करू नये, कारण मोजणीचे अंतर आणि पद्धत सारखी असेलच असे नाही.

खरेदीपूर्वी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो, हे त्याच्या माहितीपत्रकात अवश्य पाहावे. एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर आहे आणि अरुंद कॅबिनेटची काच किंवा पत्रा तेवढ्यासाठी बंदच होत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी अपेक्षा मात्र वास्तव ठेवावी. कोणताही पंख्याचा किंवा लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली २६ अंशांवर असताना प्रोसेसर ७० अंशांवर राहत असेल, तर तोच भार आणि तोच पंख्याचा वेग असताना ४२ अंशांच्या खोलीत तो ८६ च्या घरात जाईल, आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे. मोठ्या कूलरमुळे खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातले अंतर कमी होते, म्हणून त्याचा खरा फायदा तुम्हाला मे महिन्यात जाणवेल. कॅबिनेटची समोरची जाळी धुळीने भरली असेल तर तीही साफ करावी.

जुना कूलर काढताना एक काळजी घ्यावी. तुमचा प्रोसेसर मदरबोर्डवरच्या ज्या एएम४ सॉकेटमध्ये (खाचेत) बसतो, त्यात पिना प्रोसेसरला असतात आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामध्ये लावलेली उष्णतावाहक पेस्ट वाळली की इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढल्यास प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून वीजजोडणी काढावी, स्क्रू सोडवावेत आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सुटा करावा. मदरबोर्डमागची धातूची पट्टी जपून ठेवावी; वर सांगितलेल्यांसारखे बरेच कूलर तिच्यावरच बसतात. नव्या कूलरच्या तळावरचे प्लॅस्टिकचे पातळ आवरण काढायला विसरू नये.

आता राहिली चढ-उताराची तक्रार. रायझन प्रोसेसर किरकोळ कामासाठीही क्षणभर पूर्ण वेग घेतो, तापमान लगेच काही अंशांनी उडी मारते आणि पंखा त्यामागे धावतो. बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधील) पंख्याच्या सेटिंगमध्ये साधारण ६५ अंशांपर्यंत वेग एकसारखा व कमी ठेवावा, त्यापुढे हळूहळू वाढवावा, आणि तापमान बदलल्यावर काही सेकंद थांबूनच वेग बदलण्याची सोय असेल तर ती चालू करावी. हे सेटिंग आजच, जुन्या कूलरवरही करून पाहता येईल. ध्वनिमुद्रणासाठी एकसारखा आवाज चढ-उतारापेक्षा केव्हाही परवडतो: वाचनाच्या सुरुवातीला काही सेकंद शांत खोली मुद्रित केली, की तो नमुना वापरून संपादनाचे सॉफ्टवेअर एकसुरी घरघर बरीचशी काढून टाकते, मात्र सतत बदलणारा आवाज त्याला नीट ओळखता येत नाही.