रडार गन जरा बाजूला ठेव

अरे, बेसबॉलचा नवीन स्काउट (खेळाडू हेरणारा) म्हणून पिचर बघायला गेलास की पहिल्याच मॅचला गनवर ताशी ९७ मैल दिसले म्हणून हुरळून जाऊ नकोस, सिंगल-ए मध्ये (सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या बरीच खालची लेव्हल) नुसते जोरात टाकणारे ढिगाने सापडतात, तोच पोरगा पाचव्या इनिंगला ९७ टाकतोय का ९३ वर आलाय ते बघ. आधी होम प्लेटच्या मागे बस, मग साइडला जा, चेंजअप (फास्टबॉलसारखाच हात फिरवून टाकायचा स्लो बॉल) टाकताना हात स्लो होत असेल तर वरच्या लेव्हलचे बॅटर लगेच ओळखतात. स्काउट खेळाडूच्या प्रत्येक कौशल्याला मार्क देतात त्या २०-८० स्केलवर ५० म्हणजे मेजर लीगचा ॲव्हरेज, वाईट नाही हं, नवीन लोक उगाच ६० ची खिरापत वाटतात (मीपण वाटलीये). ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन) सोड, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि वॉक (चार खराब बॉल टाकून फुकट दिलेला बेस) बघ. डबल-ए ला (सिंगल-ए च्या वरची लेव्हल) गेला की परत बघ त्याला, तिथले बॅटर स्ट्राइक झोनच्या बाहेर जाणाऱ्या स्लायडरला (आडव्या वळणाऱ्या बॉलला) सहजासहजी फसत नाहीत.