शेतावर हुरड्याला पंधरा-वीस पाहुणे येणार आहेत, काय काय तयारी करावी लागेल?

चटण्या कोणत्या करू, भाकरी किती लागतील, बसायला काय अंथरू, सगळं विचारलंत. आगटीपाशी, म्हणजे कणसं भाजायच्या गोवऱ्यांच्या खड्ड्यापाशी, कोण बसणार आणि चुलीपाशी कोण, हे मात्र विचारलं नाहीत. म्हणून लिहायला घेतलं.

माझं सासर मंगळवेढ्याकडचं. काळं रान, रब्बीची मालदांडी ज्वारी, आणि बांधाकडेला गूळभेंडी या खास हुरड्याच्या ज्वारीच्या चार ओळी. संक्रांतीच्या पुढेमागे दर वर्षी पुण्या-सोलापूरचे पाहुणे यायचे. पुरुषमाणसं आगटीभोवती घोंगडी टाकून बसायची. दीर कणसं भाजायचे, चोळायचे आणि आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते प्रत्येकाला सांगायचे. आम्ही दोघी जावा आणि सासूबाई वस्तीवर चुलीपुढे. पाहुण्यांचं झालं की उरलेला हुरडा ताटलीतून आमच्याकडे यायचा. गार हुरडा चिवट लागतो, त्याची गोडी गेलेली असते. माहेरी वडील कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून माझ्या ओंजळीत टाकायचे. तसा हुरडा सासरी आठ वर्षं मिळाला नाही.

नवव्या वर्षी बावीस माणसं येणार होती. मी दोन दिवस आधीच कडक भाकरी करून दुरडीत भरून ठेवल्या. शेंगाचटणी कुटलेली, दही विरजलेलं. त्या दिवशी चूल पेटवलीच नाही. सरळ जाऊन आगटीपाशी बसले.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, उठा, हात भाजतील."

मी म्हटलं, "रोज तव्यावरची भाकरी उलटते मी, आगटीला काय भ्यायचं?"

कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं सासूबाई आल्या, पदर खोचून माझ्याशेजारी बसल्या. मी एक कणीस चोळलं, कोंडा फुंकला आणि हिरवेगार दाणे त्यांच्या हातावर ठेवले. राखेनं काळ्या झालेल्या तळहातावर दाण्यांतून अजून वाफ निघत होती. त्यांनी सगळे एकदम तोंडात टाकले. "लई वर्षांनी," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या कणसाला हात घातला.

भाऊजी आजही म्हणतात, त्या वर्षी पाहुण्यांची आबाळ झाली. कसली आबाळ? दुरडी समोर होती, ज्याला हवी त्यानं भाकरी मोडून घेतली. बावीसांतलं एकही माणूस उपाशी गेलं नाही.

आता तुमचं. माणशी सात-आठ कणसं धरा. गूळ, दही, शेंगाचटणी, लसणाची चटणी पुरे. बोरं आणि हरभऱ्याचे डहाळे असले की पोरं खूश. पनीरबिनीर करू नका, हुरड्याची चव मारतं. वांग्याचं भरीत करायचंच असेल तर वांगी त्याच आगटीत भाजा. कणसं आदल्या दिवशी तोडून ठेवू नका, भाजायच्या वेळीच तोडा. दाणा नखानं दाबला की घट्ट दूध आलं पाहिजे. पातळ आलं तर कोवळा आहे, आलंच नाही तर निबर झालाय. हे दिवस जेमतेम आठवडाभर टिकतात, तेव्हा पाहुण्यांची सोय बघून तारीख ठरवू नका, रानात जाऊन कणीस बघून ठरवा.

एक राहिलं. आगटी कडब्याच्या गंजीपासून लांब करा, वारा कुठून येतो ते बघा आणि उठताना खड्ड्यात पाणी ओता, गोवरीचा विस्तव आतून तासन्‌तास धुमसतो. हुरडा पोटाला जड असतो, वर पाण्याऐवजी ताक द्या. गूळभेंडी पेरलेली नसेल तर मालदांडीचाही होतो, फक्त दाणा लवकर सुटत नाही, चोळायला जास्त हात लागतात. त्या हातांत घरच्या बायका धरा आणि भाकरी आदल्या दिवशी उरकून टाका.