राजकारणात ओळख नाही, मग मुलीने हे शिकू नये का?

पेडण्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, ७८ टक्के, तिला इंटरनॅशनल रिलेशन्स, म्हणजे देशादेशांतल्या संबंधांचा विषय, शिकायचाय. ते लिहितात, आमची राजकारणात कोणाशी ओळख नाही, म्हणून तिला युपीएससीचा क्लास लावतो, दोन वर्षं बघू, नाही जमलं तर लग्नाचं बघू.

अहो, मार्कांची मला काही काळजी वाटत नाही, त्या शेवटच्या वाक्याची वाटते. अभ्यासाला बसायच्या आधीच पोरीला शिक्षा सांगून ठेवलीत तुम्ही! असा धाक डोक्यावर असला की पुस्तक समोर उघडं राहतं आणि मन दिवस मोजत बसतं. शिवाय युपीएससीला वय २१ पूर्ण लागतं, ग्रॅज्युएशन लागतं, म्हणजे तुमची दोन वर्षं ती परीक्षेला बसायच्या आधीच संपणार. एवढं तरी बघायचं होतं.

फॉरेन सर्व्हिस त्याच परीक्षेतून मिळते, वशिल्याने नाही, ती परीक्षा पुढे तिला हवी तर देईल. पण डिप्लोमसी म्हणजे मंत्री आणि राजदूत एवढंच, हे डोक्यातून काढा. तुम्हीच लिहिलंय ना, तिचा मामा बोटीवर आहे, तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा त्याची बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि पोरीने वहीत सगळा रूट काढला, तारखांसकट. हाच तर तो विषय! बोटीवर झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, खलाशी गोव्याचे नि फिलिपिन्सचे, मग पगार अडकला तर दाद कुठे मागायची? झेंडा ज्या देशाचा तिथे मागता येते, बोट लागेल त्या बंदरातही मागता येते, कारण २००६ चा मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, तसं सांगतो, आणि तो जिनिव्हात सरकारं, जहाजमालक आणि खलाशांच्या युनियन यांनी एकत्र बसून ठरवलाय. आपल्या वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालवतं, अंटार्क्टिकावर कोणी काय करायचं ते देशादेशांनी केलेल्या १९५९ च्या करारावर चालतं, त्याच्या बैठकांना शास्त्रज्ञही बसतात. यात कोणत्या आमदाराची ओळख लागते सांगा.

तेव्हा क्लासचे पैसे राहू देत. पॉलिटिकल सायन्स नाहीतर इकॉनॉमिक्स घेऊन बीए करू दे, पुढे गोवा युनिव्हर्सिटीत इंटरनॅशनल स्टडीजचं एमए आहे. सोबत पणजीत पोर्तुगीज शिकू दे, ब्राझील, अंगोला, मोझांबिकला तीच चालते आणि ती शिकायची आपल्यासारखी सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. मामा सुट्टीवर आला की त्याचं कॉन्ट्रॅक्ट तिला वाचायला द्या. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू दे, तुम्ही ते वाचायचं नाही.